पदकाच्या कडेवरचं नाव

३ मार्च
आलो एकदाचा! खोली ऐसपैस, उजेड भरपूर, काम तर मनासारखं. एका दिवंगत खलाशाच्या मोहीम-पदकांची यादी करायची आणि त्याच्या नौदलातल्या नोकरीचा माग काढायचा. घरमालकीण म्हणजे त्याची मुलगी, निवृत्त मुख्याध्यापिका. बाईंनी पहिल्याच दिवशी दम भरला, की पदकांना पॉलिश लावायचं नाही. आंघोळ माणसाला घालतात, इतिहासाला नाही.

७ मार्च
एकूण चार पदकं. प्रत्येकाच्या कडेवर नाव, हुद्दा आणि नंबर कोरलेला. त्या नंबरावरून नौदलाच्या कचेरीने सेवापत्रकाची नक्कल पाठवली. कोणत्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, सगळं आहे. वर्तणूक दरवर्षी ‘उत्तम’. दोनदा बुडत्यांना वाचवलं. शेवटी ‘सन्मानाने निवृत्त’.

११ मार्च
जेवताना तेच पुराण. बाबांनी असं केलं, बाबांनी तसं केलं. अठरा वर्षं मी दुसऱ्यांची पदकं मांडतोय, माझ्या नावाचा साधा पेलासुद्धा नाही. हे बोललो, तर बाई हसून म्हणाल्या, अहो, नोंदी ठेवणाऱ्याने नोंदीच ठेवाव्यात. मेलेल्या माणसाचा हेवा करणं म्हणजे हद्द झाली. पण करतो.

१४ मार्च
बाई बाजारात गेल्या होत्या. कानशीने एका पदकाची कड घासली, त्याचं नाव उडवलं आणि माझं कोरलं. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. नंबर तेवढा तसाच ठेवला. काय शोभून दिसतंय!

१७ मार्च
चहा देताना बाईंनी विचारलं, बाबा, साखर पुरे ना? चुकून म्हणाल्या असतील.
मला बरं वाटलं.

१९ मार्च
सेवापत्रकावर माझं नाव आहे. उंची माझी. जन्मतारीख माझी. शाई जुनी, फिकट. उरलेल्या तिन्ही पदकांवरही मीच—

२० मार्च
सेवापत्रकातली शेवटची ओळ आपोआप बदललीय. ‘समुद्रात बेपत्ता.’ तारीख उद्याची.
त्याचं नाव परत कोरायला बसलो. आठवेना. माझ्या वहीतही त्या जागी माझंच. बाईंना विचारलं. त्या खळखळून हसल्या, म्हणाल्या, बाबा, स्वतःचं नाव विसरलात?

२१ मार्च
बाईंनी चारही पदकं माझ्या छातीवर लावली. डोळे भरून पाहत होत्या. असं माझ्याकडे कधी कुणी—
जमीन डोलतेय.
वही ओली. खारट.
कुणीतरी त्याचं नाव सांगा, मी आत्ता कोरतो, त्याचं त्याला सगळं परत, मला काही नको, फक्त ना