काचेच्या पेटीतले सात दगड

बारामती,
पौष वद्य नवमी, शके १८५८, गुरुवार.

सौ. कुशास झुंबरचा आशीर्वाद. मी खुशाल हाय. आईचे गुडघे थंडीनं धरलेत, बाकी तोंड शाबूत हाय. वांगी बरी आलीत, मिरचीवर मावा पडलाय.

नाव लिहिलं म्हणून रागवू नकोस. सात वर्षं संसार केला, पर उखाण्याबिगर तुझं नाव कधी घेतलं न्हाय. पत्रात 'अगं ए' कसं लिहिणार? अक्षरं मीच तुला पाटीवर काढून दिली होती, तवा हे तुझं तू वाच. तुझ्या भावाच्या हातात पडू नये म्हणून टपालात टाकत न्हाय. फुलाबाई कासारीण बांगड्या भरायला तुझ्या माहेरी बावड्याला निघालीय, ती तुझ्याच हातात दील.

तुझ्या भावानं, सोपानरावांनी धाडलेला फारकतीचा कागद मंगळवारी पोचला. माघी पुनवेच्या आत सही करून पाठवा, डाळजचा गेणबा तिच्याशी लगीन करायला तयार हाय, तो फार थांबायचा न्हाय, असं संगं लिहिलंय. कागदाचं मी शेवटी सांगतो. आज बाजार, काम बंद हाय, सावकाश लिहितोय.

आधी बंगल्यातली गंमत ऐक. कालव्याच्या साहेबांच्या बाईसाहेबांनी मुंबईहून काचेची पेटी आणलीय. लोखंडी चौकट, चारी अंगांना काच, दोन हात लांब. तळाला वाळू आणि दगड, त्यात पाणगवत लावायचं, पाणी भरायचं आणि जिते मासे सोडायचे. दिवाणखान्यात ठेवायची, नुसती बघायला. चंद्राबाई सैपाकीण मला म्हणाली, "ह्या घरात मासा शिजत न्हाय, आन् पाळत्यात बघ."

कालव्याच्या काठाला दगड बसवणारा मिस्त्री मी, म्हणून दगड मांडायचं काम माझ्या गळ्यात आलं. मला वाटलं, त्यात काय, घमेलंभर दगडाचं तर काम. कऱ्हेतनं काळे दगड आणले, छन्नीनं कडा मारल्या आणि ह्या काचेपासनं त्या काचेपर्यंत असे बसवले की सुई शिरायची न्हाय. काठाला फट ठेवली की पाणी आतली माती खातं, हे पंधरा वर्षं डोक्यात बसलेलं. बाईसाहेब आल्या, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मिस्त्री, कालवा फार सुरेख बांधलात. आता झाडांनी मुळं कुठे घालायची आणि माशानं राहायचं कुठे?"

मी डोकं खाजवलं. खरंच, राहायला जागाच ठेवली न्हवती.

मग त्यांनी एक चित्रांचं पुस्तक काढून दाखवलं. सगळ्यांत मोठा दगड मधोमध लावायचा न्हाय, जरा एका अंगाला सारायचा. बाकीचे लहानमोठे, पर त्याच्याच बाजूला कललेले. संख्या विषम, जोडी करायची न्हाय. वाळू मागं उंच, पुढं उतरती. आणि पुढची एक बाजू पार मोकळी सोडायची. ते मोकळं सोडणं मला लई जड गेलं. हात आपोआप दगड उचलायचा आणि तितं ठेवायचा. बाईसाहेब नुसत्या "मिस्त्री" म्हणायच्या, की मी तो काढून घ्यायचो.

नदीत बघितलं तर तसंच असतं की. वाहत्या पाण्यात दगड आडवा पडलेला असला, तर त्याच्या आडोशाला वाळू साठते, तिथं गवत उगवतं, गवतात मासोळी बसते. जन्म नदीकाठी गेला आणि हे मला पुस्तकातनं कळलं.

कऱ्हेचे दगड मी घडवून बिघडवले होते. दुसरे पाहिजेत म्हटलं, गोल, पट्ट्यांचे, नीरेचे. दोन दिवसांची रजा घेतली आणि मार्गशीर्षात बावड्याला येऊन गेलो. व्हय, बावड्याला. नीरा हितनं पाच कोसांवरबी वाहते, हे तुला ठावं हाय. मलाबी ठावं हाय. त्याचं पुढं लिहितो.

आणलेल्या दगडांवर लिंबू पिळून बघितलं. ज्याच्यावर फेस आला तो चुनखडीचा, तो पाणी बिघडवतो, तसले दोन फेकून दिले. बाभळीचं एक वाकडं मूळ घातलं, तर ते सकाळी वर तरंगत होतं आणि पाणी चहासारखं तांबडं. ते तीनदा उकळून काढलं, खाली काथ्यानं दगड बांधला, तवा बुडालं. तीन दगड लावून बघितले, उघडं वाटलं. पाच लावले, तरी डावी बाजू पडकी दिसायची. सात लावले आणि बाईसाहेब म्हणाल्या, "आता हात लावू नका."

बाईसाहेब पुण्याच्या. पाण्याकाठी सात दगड म्हणजे आपल्याकडं काय, हे त्यांना कुठलं ठावं? माझ्याबी ध्यानात आलं न्हाय.

गेल्या सोमवारी आई वांगी घेऊन बंगल्यावर आली. बाईसाहेब बाहेर गेल्या होत्या. मी मागच्या दारानं बादली घेऊन येत होतो, तर म्हातारी पेटीपुढं मांडी घालून बसलेली. पदर डोक्यावर, हात जोडलेले. चंद्राबाईकडनं हळदकुंकू मागून पाण्यात वाहिलेलं, पाणी पिवळं झालेलं, मासे वर येऊन तोंडं उघडत होते. सात दगड बघून तिला पाण्यातल्या देवी, साती आसरा दिसल्या होत्या. मला हसू आलं. हाक मारणार, तेवढ्यात ती बोलायला लागली.

"आसरा माउल्यांनो," ती म्हणाली, "तुमी हितं दिवाणखान्यात कशा आलात ते मला ठावं न्हाय, पर आलाच हायसा तर ऐका. माझी कुशा मला माघारी द्या. पोर न्हाय दिलं तरी चालंल. माझ्या तोंडानं गेली ती, माझं तोंड झडू द्या, पर तिला द्या."

कुशा, मी त्यात माझं एक अक्षर घातलेलं न्हाय. बादली तितंच ठेवून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. घरी जाताना तिला विचारलं, काय मागत होतीस? तर म्हणाली, "तुला कुणी सांगितलं हुतं ऐकायला? मासं मेलं का बघ जा." मासे मेले न्हाईत. मी चारदा पाणी बदललं.

हे आईचं झालं. आता माझं.

त्या दिवशी उंबऱ्यात उभी राहून आई तुला म्हणाली, वांझेच्या हातचं पाणी मला नको, मी दुसरी सून आणते. तू माझ्याकडं बघितलंस. मी ओट्यावर छन्नीला धार लावत होतो. तू एवढंच विचारलंस, "तुमी काही बोलणार हायसा का?" आणि मी छन्नी फिरवत राहिलो. तिला धार कधीच लागली होती. तू आत जाऊन गाठोडं बांधलंस, शेजारच्या सरुबाईच्या गाडीत बसलीस, तरी मी फिरवतच होतो. सगळ्यांना सांगितलं की आईपुढं माझं चालत न्हाय. खोटं हाय ते. तू गेल्यावर दुसरी बायको करायला आई महिनाभर मागं लागली होती, तवा न्हाय म्हटलं आणि तिनं ऐकलं. तुझ्यादेखत म्हटलं असतं तरी ऐकलं असतं. मी भ्यालो, एवढंच.

आणि बावड्याचं. दगडाचं निमित्त होतं. कुणीतरी सांगितलं की तू डोरलं काढून ठेवलंस, ते बघायला आलो होतो. सकाळी तू आणि तुझी भावजय रतन धुणं घेऊन नदीवर आलात. मी बाभळीमागं दगडांचं पोतं घेऊन उभा. तू वाळली हायेस. धुणं आपटताना तू मधे थांबलीस आणि वर बघितलंस, मी खाली बसलो. चाळिशीला आलेला माणूस, पोत्यामागं लपून बसलो. डोरलं हाय का न्हाय ते एवढ्या लांबनं दिसलं न्हाय. तू गेल्यावर तुझ्या धुण्याच्या धोंड्यापाशी गेलो, तो ओला होता, त्याच्यावर हात ठेवून बसलो. पोतं तितंच रिकामं केलं आणि त्याच्या आजूबाजूचे दगड भरून आणले. तेच बंगल्यात हायेत.

तुझ्याबिगर मला करमत न्हाय. हे तुला आधी कधी सांगितलं न्हाय, तर आता लिहून देतो. जेवताना आई आणि मी भिंतीकडं तोंड करून जेवतो. तू माघारी यावीस असं मला रोज वाटतं.

आता कागदाचं. गेणबाची मी चौकशी केली. वाईट बोलणारा एक माणूस भेटला न्हाय, आणि मी शोधला होता. जमीन ओलिताची हाय. बायको वारल्यापासनं त्याची दोन लेकरं शेजारणीच्या हातचं खातात, धाकटी चार वर्षांची हाय. त्या घरात तू गेलीस तर पहिल्या दिवसापासनं कुणीतरी तुला आई म्हणंल. माझ्याकडं ते न्हाय. कदाचित कधीच असणार न्हाय.

म्हणून मी सही केलीय. कागद ह्याच पाकिटात हाय. पर तो सोपानरावांना न धाडता तुला धाडतोय. सही न करता बसलो असतो, तर तू आली असतीस तरी दुसरी वाट न्हवती म्हणून आलीस का मी हाय म्हणून, हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. दोन वर्षं तुला तशीच अडकवून ठेवली, आता ठेवत न्हाय.

माघी पुनवेला सकाळच्या मोटारीनं इंदापूरला आणि तिथनं बावड्याला येतोय. सरळ दारात येतो, सोपानराव काय बोलतील ते ऐकून घेतो. आईबी येते म्हणतीय, तिला तुझ्याशी बोलायचं हाय, मी नको म्हटलं न्हाय. तोवर तो कागद तू भावाच्या हातात दिला असशील, तर मला घरात बोलवू नकोस, नुसतं सांग, मी गेणबाला चार बऱ्या गोष्टी सांगून येईन. दिला नसशील, तर चुलीत घाल. मी विचारणार न्हाय कागद कुठं हाय म्हणून. तूच सांग.

पुनवेपर्यंत तरी तुझा नवरा, पुढचं तू म्हणशील तसं,
झुंबर