सुशीलाबाईंनी अडवलेला अर्ज

सांगली, २१ ऑगस्ट १९७३

कुपवाडच्या कारखान्यातून काढलेल्या पाच कामगारांना परत घ्या, असा इंग्रजी अर्ज मालकाला द्यायचा होता. मजकूर माझा. टायपिस्ट सुशीलाबाईंचे हात मध्येच थांबले.

"आवं साहेब, 'इन्सिस्ट'पुढं 'फॉर' न्हाई, 'ऑन' येतंय."

"अर्थ कळतोय ना? बस्स!"

"मालकाचा वकील हसंल. एकदा हसला की पुढचं वाचायचा न्हाई."

'फॉर' खोडून 'ऑन' लिहिलं. मी, सभा गाजवणारा युनियनचा पुढारी! मग त्यांनी वही दाखवली. कोर्टाचे निकाल टाइप करता करता उतरवलेलं एकेक क्रियापद, पुढच्या शब्दासकट. शिक्षण सातवी. आणि ते थांबलेले हात... माझी जीभ कधी अशी थांबली आहे?

उद्याच्या गेटसभेत अर्ज वाचण्याआधी बाईंचं नाव घेईन. जड जाईल, तरी घेईन.