आनंदचं ताट

नांदेड,
४ जून २०२४

ति. बाबांस, लुंबिनीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ म्हणता आणि आईकडे फोन देतच नाही, म्हणून हे पत्र. आपला आनंदराज अपघातात जाऊन वर्ष होत आलं. महानंदाकाकू सांगत होत्या, आई अजून रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढते आणि त्याच्याशी बोलत बसते. बाबा, तिला इकडे पाठवा. मी काम करते त्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या बायका आपल्याच वस्त्यांतल्या आहेत. इथे तिला कोणी वेडी म्हणणार नाही. नातीला आजी हवी आहे, असं निमित्त सांगितलंत तरी चालेल.

लोभ आहेच, थोडा माझ्या शब्दावरही असू द्या.

तुमची लुंबिनी

जळकोट,
११ जून २०२४

चि. लुंबिनीस, जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझी काळजी कळली, महानंदाची जीभही कळली. समुपदेशनाचं मला सांगू नकोस. तुझ्या आईला मीच लातूरला नेलं होतं. तिथल्या बाईंनी आधी आडनाव विचारलं, मग हसून म्हणाल्या, तुमच्या लोकांत अंगात येतंच. आई आनंदचं नावही न काढता उठली. पुन्हा ती पायरी चढणं नाही.

आणि ताट म्हणशील, तर ते श्राद्धच झालं. मी विहाराचा अध्यक्ष. दर रविवारी लोकांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतो, आणि माझ्याच घरात मेलेल्याला जेवण? कमिटीत विषय निघाला. येत्या रविवारी तिने श्राद्ध न करण्याची प्रतिज्ञा सगळ्यांसमोर म्हणावी असं ठरलं. मीही हो म्हटलं.

रागावशील. रागासकट लोभ असावा.

तुझे बाबा, रामकिशन

नांदेड,
१४ जून २०२४

ति. बाबांस, सविनय जयभीम.

लातूरच्या बाईंचा मलाही संताप आला. असल्या लोकांमुळेच बायका आमच्या दारातून परत फिरतात. पण त्यांचा राग आईवर का काढता? श्राद्धाला भटजी लागतो, पितर लागतात. आईला त्यातलं काहीच नको, तिला फक्त लेक जेवायला हवा आहे. धम्माने आपल्याला माणसात आणलं, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग तिला माणसासारखं रडू द्या. हात जोडते, रविवारचं थांबवा.

लुंबिनी

जळकोट,
२ जुलै २०२४

चि. लुंबिनीस, जयभीम.

तुझं पत्र सतरा तारखेला, सोमवारी हाती पडलं, तोवर रविवार होऊन गेला होता. आईने प्रतिज्ञा म्हटली. एक शब्द चुकला नाही. सगळे ‘साधु, साधु’ म्हणाले. मला अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू? तेव्हापासून ती ताट वाढत नाही, कुणाशी बोलत नाही, पुढ्यात ठेवलं तर दोन घास खाते. कमिटी म्हणते, नागुबाई सुधारल्या.

काल चहा पीत होतो, तर दारात येऊन उभी राहिली. लग्नापासून तिने मला ‘अहो’शिवाय हाक मारली नाही. काल ‘अध्यक्षसाहेब’ म्हणाली. रडलेलं चालतं का, का त्यालाबी बंदी हाय, असं विचारलं.

मी कप खाली ठेवला. रड गं, म्हटलं, पोटभर रड, माझाही लेक होता. ती रडली नाही. कमिटीला इचारून सांगा म्हणाली आणि आत गेली.

लोभ मागायला तोंड राहिलं नाही. लवकर ये.

रामकिशन