गोंगाट कवचाचाच

झाशी, शुक्रवार, दिवेलागणीला

आज शेवटचा उपायही संपला. पोटातल्या बाळाच्या हृदयाचं चुंबकीय क्षेत्र पोटावरूनच टिपावं, म्हणून तीन वर्षं मी रुबिडियम धातूच्या वाफेवर चालणारं यंत्र बनवते आहे. ते क्षेत्र अगदी क्षीण, आणि यंत्रातला गोंगाट, म्हणजे नको असलेली थरथर, त्याहून मोठा. मी दोष देत होते रेल्वेच्या विजेला.

आज दुरुस्तीसाठी गाड्या थांबल्या, तेव्हा प्रयोगशाळेतल्या यादवजींनी यंत्र सोडून बाकीचंही सगळं बंद केलं. पडद्यावरची रेघ तशीच थरथरत राहिली.

"मॅडम, अब बंद करने को कुछ बचा नहीं," ते म्हणाले.

तेव्हा उमगलं. बाहेरचं अडवायला यंत्राभोवती जे धातूचं कवच घातलं, त्याच्यातच उष्णतेने सूक्ष्म प्रवाह उठतात. गोंगाट कवचाचाच आहे. हे मी वाचलंही होतं. मग गणित का मांडलं नाही? कवचावर एवढा विश्वास कशाला? आता नवं करायला मुदत नाही. सोमवारी प्रकल्प बंद.

घरी आले तर वहिनीने रोजच्यासारखं विचारलं, "वन्सं, ऐकू आलं का?" तिची मुलगी आठव्या महिन्यात पोटातच गेली. तिथूनच तर हे सगळं सुरू झालं.

"नाही. आता येणारही नाही."

ती म्हणाली, "यंत्र असतं तर माझी मुलगी वाचली असती का? खरं सांगा."

"ठाऊक नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि कणीक मळायला गेली. तीन वर्षांत मी स्वतःला हे एकदाही विचारलं नव्हतं.