खिडकीच्या फळीवरच्या काड्या

सर,

माझं सगळं फिरलं ते एका रविवारी सकाळी, तुमच्या कुर्ल्याच्या घरात, खिडकीच्या फळीवर सातच्या जागी पाच काड्या दिसल्या तेव्हा. त्याआधी मी तुमच्याकडे गिटार शिकणारा, इंटरला कॉलेज सोडून बसलेला, तुमच्या मुलीवर जीव टाकणारा एक पोरगा होतो. त्यानंतर नुसता संशय घेणारा माणूस झालो. आज ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत बसून ऱ्हिदम गिटार वाजवतो. पुढे लीड वाजवणारा मधूनच माझ्याकडे बघून हसतो, आणि मला वाटतं, याला माझ्याबद्दल कुणीतरी काहीतरी सांगितलंय.

तुमच्याकडे गाणं मागायला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही आधी काडेपेटी दाखवायचात. दहा काड्या फळीवर डावीकडे मांडायच्या. स्केल, म्हणजे ओळीने सगळे स्वर, खालून वर आणि वरून खाली, एकही स्वर न दबता वाजली, तर एक काडी उजवीकडे. दबला, तर काडी जागेवर. एका दिवसात दहाच्या दहा पलीकडे गेल्या की मग आर्पेजियो, म्हणजे तेच स्वर, पण जिन्याची एकेक पायरी गाळून चढल्यासारखे. आणि त्याच्याही दहा काड्या झाल्या की मग कुठे गाणं. काड्या ज्याच्या त्याने हलवायच्या. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, तुम्ही मोजणार नाही का. तुम्ही म्हणालात, "मी कशाला मोजू, मॅन? वाजवणार तू, बोटं तुझी." आणि मासे साफ करायला आत गेलात. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. कुणी कुणावर एवढा भरवसा टाकतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतंच, असं मला वाटायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.

आतून तुमचा आवाज यायचा, "करंगळी झोपली बघ." दोन खोल्यांपलीकडून, नळ चालू असताना, हातात सुरी असताना तुम्हाला करंगळी कशी ऐकू यायची? मी एकदा मुद्दाम हळू वाजवून बघितलं. तरीही, "झोपली." मला वाटलं, हा म्हातारा अंदाजाने बोलतोय. दर पाच मिनिटांनी बोललं की कधीतरी खरं ठरणारच. शिवाय मी गप्प झालो की लगेच विचारायचात, "थांबलास का रे?" त्यावरून मी ठरवून टाकलं की या स्केलचा गिटारशी काही संबंध नाही. गाईच्या गळ्यात घंटा बांधतात तशी ही माझ्या हातात बांधलीय. वाजतेय तोवर पोरगा गिटारपाशी आहे, वाजायची थांबली म्हणजे मुलीशी बोलतोय.

कारण ती त्याच खोलीत असायची. दाराशी शिलाई मशीन, त्यावर शेजारणींचे फ्रॉक, आणि तिचे पाय. मी स्केल सुरू केली की मशीन सुरू व्हायचं, माझ्या लयीत. मी अडलो की तेही अडायचं. दोन वर्षांत आम्ही धड दहा वाक्यं बोललो नसू, पण मला वाटायचं की आमचं सगळं बोलून झालंय. त्या मशीनसाठी मी सायन्सची प्रॅक्टिकलं बुडवली आणि शेवटी कॉलेजच सोडलं. घरी वडील फक्त म्हणाले, आता कर काय करायचं ते. मात्र तुम्ही भडकलात. "कुणाला विचारून सोडलंस? मी सांगितलं होतं का?" मला वाटलं, झालं, जावई म्हणून आपण बाद. त्याच सुमारास तो अंधेरीचा मुलगा यायला लागला, परदेशी गिटारवाला, आणि चार महिन्यांत गाणं वाजवायला लागला. मी दोन वर्षं स्केलमध्ये. तुमच्या वाढदिवसाला मी आणलेला केक तुम्ही त्यालाही दिलात, हेसुद्धा माझ्या लक्षात आहे.

तर तो रविवार. सात काड्या उजवीकडे गेल्या आहेत. बोटांची टोकं तारांनी सोललीत, म्हणून मी मागच्या मोरीवर जाऊन हात पाण्याखाली धरतो. परत येतो तर तुम्ही खिडकीपाशी उभे. मांजरीला माशाची डोकी टाकताय, मनगटाला खवलं चिकटलीत. आणि फळीवर उजवीकडे पाच. मी पुन्हा मोजतो. पाच. ती मशीनवर मान खाली घालून बसलीय.

मी म्हणालो, "सर, काड्या तुम्ही मागे सरकवल्या."

"मी?"

"मला मुद्दाम अडकवून ठेवलंय तुम्ही. त्या अंधेरीवाल्याच्या काड्या बऱ्या पटापट जातात."

मशीन थांबलं. तुम्ही आधी मशीनकडे बघितलंत, मग फळीकडे, मग माझ्याकडे. एवढा वेळ लावलात, की मला वाटलं उत्तर जुळवताय. मग म्हणालात, "आज घरी जा. उद्या ये, बोलू."

मी उद्या आलो नाही. परवाही नाही. वर्षाच्या आत तुम्ही गेलात. मातीला आलो होतो, पण चर्चच्या फाटकाबाहेर समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. आत गेलो तर लोक म्हणतील, हाच तो.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. मागच्या महिन्यात ती घाटकोपरला बटणांच्या दुकानात भेटली. लग्न झालंय, मुलगी आहे, मुलुंडला राहते. मला बघून आधी हसली. "अजून तसाच दिसतोस रे, भांडायला निघाल्यासारखा." तुमचा विषय निघाला, आणि बटणं निवडता निवडता ती म्हणाली, "काड्या मी सरकवायचे. तुझ्या दहा झाल्या, गाणं आलं, की तू उठून जाणार. तेवढंच जरा जास्त बसायचास."

मी विचारलं, मग त्या दिवशी का नाही बोललीस.

"डॅडींसमोर काय बोलू? त्यांना कळलं होतं तेव्हाच. म्हणाले, उद्या तो आला की तूच सांग त्याला. तू आलाच नाहीस."

मी तिच्यासमोर हसलो. घरी आल्यावर झोप उडाली. सुखाने नाही, सर. मला वाटतं, ती तुम्हाला वाचवतेय. मेलेल्या बापाची बाजू मुलगी घेणारच. आणि माझ्याकडे एक गोष्ट आहे जी तिला ठाऊक नाही. किंवा ठाऊक असेल, तोच तर घोळ आहे. तुम्ही असतात तर तुमच्याच तोंडावर विचारलं असतं. आता हा कागद घेऊन जाऊ कुठे? गिटारच्या पेटीत, जुन्या तारांखाली राहील.

ती गोष्ट अशी. त्या दिवशी उजवीकडे गेलेल्या सातांपैकी दोन मी न कमावता ढकलल्या होत्या. दोन्ही वेळा करंगळी झोपली होती आणि तुम्ही आतून काहीच बोलला नव्हतात. मला वाटलं, सुटलो. म्हणजे फळीवर पाच हाच बरोबर आकडा होता. तिने सरकवल्या असतील तर नेमक्या दोनच कशा? माझ्या लयीत पाय हलवता हलवता ती मोजत होती का? की तुम्ही ऐकलं होतंत आणि मला न लाजवता गुपचूप हिशेब नीट केलात? काहीही असो, त्या खोलीत काड्या चोरणारा एकच होता, आणि ओरडतही तोच होता.

त्या रविवारी तुम्ही म्हणालात, उद्या ये. मी गिटार उचलली, फळीवर उजवीकडे असलेल्या पाचही काड्या परत डावीकडे ढकलल्या. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. तिचा पाय पॅडलवर होता, हलत नव्हता. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.