झऱ्यावरून आलेला

१४ ऑक्टोबर, सोमवार

अमरावतीहून निघताना आईने कोल्हापूरच्या तिखटाची फार भीती घातली होती. आठवडा झाला, मी शाबूत आहे. हॉस्पिटल छोटं पण बरं आहे. फिजिओथेरपीचा कक्ष तळमजल्यावर, खिडकीबाहेर उंबराचं झाड. माझ्या जोडीला क्रांती आहे, मुरगूडची. उंच, दणकट, आणि आवाज असा की गुडघ्यांचे पेशंट तिच्या नुसत्या हाकेने उठून चालायला लागतात. इकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे मला तिच्यामुळे कळलं. आज डबा खाताना म्हणाली, "खोलीत बसून काय करतीस? चल की आमच्याबरोबर डोंगरात." मी हो म्हणून टाकलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या निघायचं. क्रांतीचा धाकटा भाऊ सम्राट गडहिंग्लजच्या एका शाळेत खेळ शिकवतो, तोही येतोय. पाऊस सरला की ही दोघं दरवर्षी कुठल्यातरी डोंगरावर एक रात्र तंबू टाकून राहतात; यंदा धुपाचा सडा, तिथे पहिल्यांदाच. गड नाही, देऊळ नाही, मोबाइलला रेंज नाही. डोंगरमाथ्यावर नुसता सपाट कातळ आणि गवत. क्रांतीने जयसिंगपूरहून भडंग मागवलंय, एवढं की शाळेची सहल जेवेल. मी आयुष्यात कधी उघड्यावर झोपलेली नाही. पिशवी तीनदा भरली, तीनदा उपसली. लहान मुलीसारखी झोप उडालीय.

१९ ऑक्टोबर, शनिवार, दुपार

सड्यावर पोचलो! पाय तुटलेत, पण काय जागा आहे. काळा कातळ, त्याच्या फटींतून जांभळी बारीक फुलं, आणि पश्चिमेला कोकणाच्या बाजूने धुकं वर चढतंय.

एसटी शेवटच्या वाडीपर्यंत आली, पुढे चालत. वाडीत बाळाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी ताक दिलं. वर पाणी नाही, कड्याच्या खालच्या अंगाला झरा आहे, तेवढाच, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "पाण्याला मिळून जावा, पावणं. एकट्यानं न्हाय." सम्राटने हसत विचारलं, अस्वल आहे का? त्या हसल्या नाहीत. "गवा हाय, पर त्यो काय करत न्हाय," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

सम्राटसारखा बडबड्या माणूस मी पाहिला नाही. सगळी चढण त्याने बेसूर गाणी म्हटली, माझ्या वऱ्हाडी 'काऊन'ची नक्कल केली, बहिणीच्या शिव्या खाल्ल्या. तंबू ठोकला आणि कॅन उचलून पाण्याला निघालाच. क्रांती ओरडली, थांब, मी पण येतो. तो वळलासुद्धा नाही. "हे आलोच की!" म्हणाला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

शनिवार, संध्याकाळ

बराच उशीर करून आला. आल्यापासून धड बोलत नाही.

कॅन रिकामा होता. क्रांतीने चांगलंच झापलं, पाणी आणलं का नाहीस म्हणून. तो म्हणाला, "आणलं की." अगदी तिच्याच सुरात. भडंग हातावर दिलं तर तळव्याकडे बघत राहिला, मग हात उपडा केला. तिला वाटतं तो कशावरून तरी रुसलाय, नाहीतर चेष्टा करतोय.

उन्हं कलताना त्याने हाताने खूण करून आम्हाला कड्याच्या टोकाशी नेलं. तिघं शेजारी उभे राहिलो. खाली सगळं पांढरं. त्या पांढऱ्यातून बारीकसा आवाज येत होता, विव्हळल्यासारखा. मी क्रांतीचा हात धरला. वानर असंल, ती म्हणाली. तेव्हा सम्राट माझ्याकडे बघून हसला.

धुक्याने आम्ही दोघी चिंब झालोय, केसांतून पाणी गळतंय. त्याचा शर्ट कोरडा आहे. पूर्ण कोरडा. क्रांतीला सांगावं का? काय सांगणार?

२० ऑक्टोबर, रविवार, सकाळ

झोप लागली नाही. तो तंबूत आलाच नाही. बाहेर आमच्याकडे पाठ करून बसून राहिला. उजाडलं तरी तसाच.

क्रांतीने ताप आहे का बघायला त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "गार हाय. लई गार हाय." तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. त्याच्या पोटात काहीतरी गरम घालून लगेच खाली उतरायचं ठरलंय. पण पाण्याचा थेंब नाही. भावाला सोडून ती हलणार नाही, आणि त्याच्यापाशी एकटी बसायची माझी हिंमत नाही. म्हणजे झऱ्यावर मीच. बाळाबाईंचं बोलणं आठवतंय. पण दुसरं कोण जाणार?

झऱ्यापाशी

सम्राट इथे आहे.

इथे, खाली. दगडांत पडलाय. मांडीचं हाड मोडलंय, ओठ निळे. जिवंत आहे. मी ओढणीने पाय बांधला. मला हलवता येत नाही त्याला, फार जड आहे —

कालपासून इथेच आहे म्हणतो. पाय घसरला तेव्हापासून. "मी कवाधरनं वरडालोय," म्हणतो. "तुम्ही वर हुबं हुता. माझ्याकडंच बघालता. तरी कुणी आला न्हाईसा."

मी विचारलं, वर कोण कोण होतं?

"ताई. तू." त्याने वर कड्याकडे बोट दाखवलं. "आणि मी."

मग माझी बाही धरून एवढंच — ताईला आण, ताईला त्याच्यापाशी ठेवू नको.

मी वर जाऊन आले.

तंबू उघडा. क्रांतीने अंगाभोवती घेतलेली स्लीपिंग बॅग अजून उबदार होती, पण ती नाही. तोही नाही. गवतात हाका मारत फिरले, धुक्यात स्वतःचा हात दिसत नव्हता. एकदा वाटलं, अगदी जवळून कुणीतरी माझ्याच आवाजात हाक मारली. 'क्रांती' म्हणून. मी तोंड दाबून घेतलं होतं. मी नव्हते.

पळत खाली आले. दोनदा पडले.

सम्राट गेला. मानेशी बोटं धरून बसले, दोन्ही बाजूंनी पाहिलं. नाडी नाही. डोळे वर कड्याकडे उघडे. मी मिटले.

दुसरं काही करता येत नाही, म्हणून लिहिते आहे. वाडी कुठल्या बाजूला, कळत नाही. धुकं विरळ झालं की निघेन. क्रांतीला घेऊन —

विरळ होतंय.

कडा दिसतोय. क्रांती आहे! टोकाशी उभी आहे. जिवंत आहे. मी ओरडले. पुन्हा ओरडले. घसा फाटला. ती खाली बघतेय, सरळ इकडे — काहीच दिसत नसल्यासारखी. मान वळवून शेजारी काहीतरी बोलली.

शेजारी सम्राट नाही. बाई आहे.

तिचे केस कोरडे आहेत.

ती मी आहे. मी तिथे उभी आहे, क्रांतीचा हात धरून, आणि खाली माझ्याकडे बघून हसते आहे —

क्रांती मागे हो क्रांती मी इथे आहे ती तुझ्या पाठीवर हात —