मातीसाठी बंब

कोर्डेल, नेब्रास्का
मार्चचा शेवटचा रविवार

प्रिय हुल्डा मावशी,

वाकून नमस्कार. (वाकणं आता कागदावरच जमतं. डावा गुडघा गेल्या कापणीपासून माझं ऐकत नाही.) तुझी तब्येत कशी आहे? तुझी लॉरेन सांगत होती की तिकडे अ‍ॅरिझोनात तू रोज सकाळी पोहायला जातेस. शहाऐंशीव्या वर्षी पोहायला शिकणं मला काही पटलेलं नाही, पण तुला अडवेल असं माणूस या गावात कधी नव्हतं आणि त्या गावातही नसणार. इकडे सगळे खुशाल आहेत. बर्फ वितळला, रस्त्यांचा चिखल झाला, मक्याचा भाव विचारू नकोस. तुझ्या घरावर माझं लक्ष आहे. हिवाळ्यात पाइप गोठले नाहीत. घर जागेवर आहे. (घराबद्दल सध्या एवढंच.)

कॅफेवाल्या लाव्होनचा तुला अजून फोन आला नसेल. तिला मी विनंती केली आहे. ती म्हणाली, “बुधवारपर्यंत गप्प बसते, लेलँड. त्यापुढे माझा जीव जाईल.” तेव्हा हे पत्र बुधवारच्या आत तुला मिळायला हवं. तू शाळेत आम्हाला निबंध लिहायला लावायचीस तेव्हा म्हणायचीस, मुद्दा आधी. मला ते तेव्हाही जमत नसे, पण आज प्रयत्न करतो. मुद्दा सिग्नेचा आहे. माझी ही नात शुक्रवारी लिंकनहून राज्याची माती-स्पर्धा करून परत येणार आहे, आणि काउंटीच्या हद्दीवर तिला घ्यायला लाल रंगाचं, भोंगा असलेलं काहीतरी उभं राहिलं पाहिजे. ते उभं कसं राहणार हा प्रश्न आहे. बाकी सगळं या प्रश्नाच्या आजूबाजूचं आहे, पण ते लांबलचक आहे.

आपली पद्धत तुला सांगायला नको. संघ राज्य-स्पर्धेहून परतला की आगीचा बंब हद्दीवर जातो, आणि भोंगा वाजवत बसच्या पुढे पुढे गावात येतो. लोक अंगणात उभे राहून गायीच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. व्हॉलीबॉलच्या पोरी पहिल्यांदा जिंकून आल्या तेव्हा तूही वाजवली होतीस. (एकदाच, आणि हळू. आयुष्यभर कुणाच्या वहीवर ‘बरं’च्या वर काही न लिहिणाऱ्या बाईने घंटा वाजवली, म्हणून लोक बसऐवजी तुझ्याकडे बघत होते.) पण हा मान फक्त चेंडूचा. फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल. चेंडू नाही तर बंब नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच ते कुणी मोडत नव्हतं.

गेल्या वर्षी सिग्ने माती ओळखण्यात राज्यात तिसरी आली. पुरुषभर खोल खड्ड्यात उतरायचं, चिमूटभर माती तळहातावर ओली करायची, अंगठ्याने तिची पट्टी काढायची आणि पट्टी किती लांब होऊन तुटते त्यावरून सांगायचं की चिकण किती, वाळू किती, इथे घर बांधावं की गवत वाढू द्यावं. जमिनीचा उतारही सांगावा लागतो. आपल्या तीन गावांच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये असं डोकं दुसरं नाही. ती परत आली ती शाळेच्या व्हॅनमधून, मांडीवर थंड बर्गर घेऊन. मी तेव्हा आमच्या बंबाच्या स्टेशनसमोर बंब धूत होतो. पहिल्याच फेरीत हरलेली बास्केटबॉलची पोरं संध्याकाळी परत यायची होती, त्यांच्यासाठी. ती जवळ आली, बंबाकडे बघितलं, म्हणाली, “छान धुतलाय, आजोबा,” आणि घरी गेली. तिने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून मी शाळा-मंडळाच्या सभेत उभा राहिलो. मी उभा राहिलो की लोक घड्याळ बघतात, हे मला माहीत आहे. पण मी म्हटलं, चेंडू दुकानातून आणतात, माती आपली आहे. तिच्यासाठीही बंब निघावा. तोच शाळांच्या नव्या अधीक्षक कुचेराबाई एकदम उठल्या. (तू त्यांना पाहिलेलं नाहीस. ओमाहाच्या आहेत. त्यांना सगळंच आवडतं. गावात आल्या त्या दिवशी त्यांना आपला धान्याचा सायलोही आवडला होता.) त्या म्हणाल्या, “लेलँड, किती सुंदर विचार! फक्त माती का? प्रत्येक मुलाचं प्रत्येक यश!” मी मातीसाठी एक बंब मागितला होता. बाईंनी तीन गावांतल्या यच्चयावत पोरांना देऊन टाकला. ठराव एकमताने मंजूर. डेल्बर्ट हॉफ माझ्या मागेच बसला होता. तो आमच्या बंबवाल्यांचा उपप्रमुख. तो एवढंच म्हणाला, “लेलँड, तू मेलास. आणि आम्हालाही घेऊन गेलास.”

सुरुवातीला बरं चाललं. वेल्डिंगमध्ये दुसरा आला त्याला आणलं, एकांकिकेवाल्यांना आणलं. मग जत्रेत स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याला बक्षीस मिळालं, ती मुलगी आणि तो मुरंबा. मग एक ससा. मग वर्षभरात एकही दिवस शाळा न बुडवलेला पोरगा (त्याला कुठून आणायचं हाच प्रश्न होता, कारण तो कुठे गेलाच नव्हता, शेवटी त्याच्या बापाने त्याला हद्दीपर्यंत नेऊन सोडलं). शेजारच्या विल्बी गावच्या एका पोराने शाळेच्या जेवणात पहिल्यांदा घेवडा खाल्ला. त्याच्या आईने रडत रडत फोन केला. मी नाही म्हणू शकलो नाही. आम्ही सहाजण, बिनपगारी, सगळे साठीच्या आसपासचे. भोंगा झाला की असेल ते काम टाकून पळायचं. एकदा डेल्बर्ट कोपरापर्यंत बरबटलेल्या हातांनी आला. म्हणाला, “डुकरीण विते आहे तिला सोडून आलो. कशासाठी? तर कुणाच्या तरी कार्टीला बुटाची नाडी बांधता आली!”

मी म्हटलं, “दोन्ही बुटांच्या, डेल्बर्ट.”

तो माझ्याशी थँक्सगिव्हिंगपर्यंत बोलला नाही.

गावाचं मात्र छान जमलं. प्रत्येक मिरवणुकीचा शेवट शाळेच्या जिममध्ये, चिलीचे गरम वाडगे आणि दालचिनीचे रोल घेऊन. त्यामुळे बंब दिसला की लोक कशासाठी म्हणून विचारीनासे झाले. घंटा वाजवायची, गाडी काढायची, बंबामागे लागायचं. आणि गंमत अशी की या सगळ्यात सिग्नेला बंब मिळालेला नाही, कारण मातीची स्पर्धा वर्षातून एकदाच. जिच्यासाठी आजोबाने गाव उलटं केलं, तीच राहिली. ती माझ्या अंगणात सराव करते. तिथे आता इतके खड्डे आहेत की पोस्टमन टपाल रस्त्यावरूनच फेकतो. मी विचारलं, सिग्ने, यंदा बंब हवा ना? ती खड्ड्यातूनच म्हणाली, “मला काही नको, आजोबा.” आपल्या घराण्यात ‘काही नको’चा अर्थ काय होतो ते तू जाणतेस. एमिल काका हॉस्पिटलमध्ये ‘काही नको’ म्हणाले होते आणि मग तू नेलेली डबाभर बिस्किटं त्यांनी एकट्याने संपवली.

आता आगीकडे येतो. (आग लागली होती. हे आधी सांगायला हवं होतं का?) झालं असं की या महिन्यातल्या बंबवाल्यांच्या पॅनकेक-न्याहारीला डेल्बर्टने जाहीर केलं, मंगळवारच्या बैठकीत ठराव आणतो, बंब फक्त आगीला. बाकीच्यांनी तोंडात घास होता म्हणून नुसत्या माना हलवल्या, पण हलवल्या. मी समजून चुकलो, ठराव पास होणार, आणि तोही सिग्नेच्या स्पर्धेच्या तोंडावर. तेव्हा मी मनाशी दुसरी एक व्यवस्था योजली आणि त्याच दिवशी तिची तयारी सुरू केली. (तिच्याबद्दल खाली.) तयारी लावून मी लाव्होनकडे कॉफी प्यायला बसलो, आणि भोंगा झाला. एका गॅरेजमधून धूर.

आम्ही बंब काढला. मुख्य रस्त्याला लागतो तो दोन्ही बाजूंना लोक. घंटा, टाळ्या, कडेवर पोरं. शाळेच्या मैदानावर बँडचा सराव चालू होता, तिथली पोरं ट्राँबोन वाजवत धावत आली. कोपऱ्यावर कुचेराबाई हातात कर्णा घेऊन उभ्या. “आणि आज आपण कुणाचं अभिनंदन करतो आहोत?” डेल्बर्ट खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि ओरडला, “आग लागलीय! मागे फिरा! जेवण नाही, आग आहे!” त्याचे हातवारे बघून लोकांना चेव आला. कुणीतरी ओरडलं, “शाब्बास, डेल्बर्ट!” जन्मात पहिल्यांदा या गावाने त्याला शाब्बास म्हटलं आणि त्याला ते ऐकायला सवड नव्हती. मागे गाड्यांची रांग लागली. जागेवर पोचल्यावर लोक उतरले आणि पहिला प्रश्न विचारला, “रोल कुठे आहेत?” मग त्यांनी वर बघितलं.

आता खरं ते सांगतो. पुढचं सगळं त्या लोकांनी केलं. कुचेराबाईंनी कर्णा टाकला आणि नळी उचलली. (त्यांना नळीही आवडली असावी.) बायकांनी शेजारच्या घराच्या भिंतीवर पाणी मारत ठेवलं. कुस्तीच्या पोरांनी गॅरेजमधली गाडी ढकलत बाहेर काढली. गॅरेजचं छप्पर गेलं, पण घर वाचलं. आम्ही सहाजणच असतो तर घरही गेलं असतं. डेल्बर्टनेही हे मान्य केलं, पण मंगळवारी मतदान झाल्यावर. ठराव पास झाला. पाच विरुद्ध एक. एक कोण ते तू ओळखलं असशील.

तेव्हा आता शुक्रवारी बंब नाही. ठराव ठराव असतो, आणि त्याखाली प्रमुख म्हणून सही माझी आहे.

बाकी ठीक. लॉरेनला नमस्कार. पोहताना कानात कापूस घालत जा.

तुझा भाचा,
लेलँड

ता. क. एक विनंती. एमिल काकांचा जुना लाल पिकअप शुक्रवारी एका तासासाठी मिळावा. त्याचा लाल अगदी बंबाचा लाल आहे. काका गेल्यापासून तू त्याला कुणाला हात लावू दिलेला नाहीस हे मी जाणतो, आणि म्हणूनच एवढं लिहावं लागलं. हद्दीपासून शाळेपर्यंत, बस. जुन्या बंबाचा भोंगा माझ्याकडे आहे, मी तो लिलावात घेतला होता. डेल्बर्ट मागे उभा राहून घंटा वाजवायला तयार झाला आहे. म्हणतो, ठरावात बंब आहे, पिकअप नाही. (तो चांगला माणूस आहे. डुकरिणीला नऊ पिल्लं झाली.) पत्राचं उत्तर पत्राने नको, फोन कर.

ता. क. २. तू विचारशील, इतक्या वर्षांनी तो चालू कसा होणार. होतो. त्या न्याहारीच्या दिवशीच मी त्याच्या बॅटरीला चार्जर लावून लाव्होनकडे गेलो होतो. यावरून आठवलं, गॅरेज कुणाचं ते सांगायचं राहिलं. ते तुझं. शेजारचं घरही तुझंच. स्वयंपाकघराच्या पडद्यांना थोडा धुराचा वास होता, ते धुतले. छपराचं लाकूड आलं आहे, मीच बांधतो आहे. पिकअपला ओरखडाही नाही.

ता. क. ३. हुल्डा पणजी, मी सिग्ने. आजोबांनी पाकीट टपालात टाकायला दिलं ते उघडंच होतं. परवानगी देऊ नकोस. त्या पिकअपला ब्रेक नाहीत. कुस्तीवाल्यांनी बाहेर ढकलला तो रस्ता ओलांडून समोरच्या कुंपणाला टेकल्यावर थांबला. आणि मी जिंकेनच असं नाही.

ता. क. ४. मावशी, तिकीट लावायचं राहिलं म्हणून पत्र परत आणलं तेव्हा वरचं वाचलं. कुंपणाचं सांगणार होतो. ब्रेक आहेत, फक्त उतारावर कमी लागतात. आणि आपल्याकडे उतार आहे कुठे? टेबलावर गोटी ठेवावी तसा सपाट मुलूख.

ता. क. ५. हद्दीपासून शाळेपर्यंत सलग उतार आहे. शंभर फुटांना दोन फूट. मी मोजला आहे. शेवटी ओढा आहे. – सिग्ने

ता. क. ६. बघितलंस, मावशी? जन्मापासून मी त्या रस्त्याने जातो येतो आहे आणि मला तो सपाट वाटत होता. अशा पोरीने व्हॅनमधून थंड बर्गर खात यायचं का? मी तिला म्हटलं, मग तूच हद्दीवर व्हॅनमधून उतर, माझ्या शेजारी बस आणि ब्रेक कुठून दाबायचा ते सांग. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “हद्दीपासूनच.” म्हणजे बसणार आहे. आता फक्त तुझं ‘बरं’ राहिलं.